क्लचबाईंचे पोट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सीटी स्कॅनर आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत माझा मुक्काम असतो. मी उभ्या ठेवलेल्या मोठ्या कड्यासारखा दिसतो. मधोमध आरपार मोकळी जागा, आणि त्या जागेतून पुढे-मागे सरकणारा एक अरुंद पलंग. माझ्या कड्यात क्ष-किरणांची नळी गरगर फिरते. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे मी पोटाचे फोटो काढतो, पण सुरी न लावता.

मी आलो तेव्हा दाराची चौकट काढावी लागली होती. मोठे डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम माझ्या खोलीत आणत. पुढे सगळ्यांना माझी सवय झाली. आता गादीच्या कडेला चिकटपट्टी लावली आहे आणि नवा स्कॅनर घ्यायच्या गोष्टी माझ्यासमोरच चालतात. माझी तक्रार नाही. काम करणाऱ्याला जुने व्हावेच लागते. पण जाण्याआधी क्लचबाईंबद्दल सांगायचे आहे.

क्लचबाई गाडी चालवायला शिकवत. "क्लच! क्लच दाबा!" असे त्या इतक्या जोरात ओरडत की शिकाऊ मंडळींनी त्यांचे नावच ते पाडले होते. सोनोग्राफीत त्यांच्या मूत्रपिंडावर काहीतरी दिसले होते. ते नक्की काय आहे हे पाहायला डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले, आणि त्या तब्बल दोन महिन्यांनी आल्या. सोबत नवरा होता. घड्याळे दुरुस्त करणारा, हळू बोलणारा माणूस. बायकोचे कानातले आणि पट्टा रुमालात बांधून तो दारात उभा राहिला.

सिस्टर हातात सुई लावायच्या तयारीत होत्या. "काकू, सकाळपासून काही खाल्लंत?"

"पाण्याशिवाय काही नाही."

"मधुमेह, दमा?"

"नाही."

"शिरेतून डाय देणार आहोत. त्या औषधाने आतले अवयव फोटोत उठून दिसतात. आधी कधी दिला होता? त्रास झाला होता?"

"नाही हो. काही नाही. उरका लवकर."

दारातून खाकरण्याचा आवाज आला. "अगं, मागे मुतखड्याच्या वेळी..."

"तुम्ही गप्प बसा हो."

एरवी तो बसला असता. त्या दिवशी मात्र तो सरळ आत आला.

"नाही बसणार. सिस्टर, हिला तेव्हा असंच औषध दिलं होतं. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. मी तिथेच होतो."

सिस्टरनी सुई ट्रेमध्ये ठेवली. काचेपलीकडून मला चालवणारा टेक्निशियन उठून आला, मग डॉक्टरांना बोलावणे गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि विचारले, "बाई, का नाही सांगितलंत?"

क्लचबाईंचा आवाज एकदम बसला. "दोन महिने लागले मला इथवर यायला. रोज सकाळी म्हणायचे, आज जाऊ, आणि रोज काहीतरी काम काढायचे. आज परत पाठवलं असतंत तर मी पुन्हा आलेच नसते. मला माहितीये ना मी कशी आहे."

"परत नाही पाठवत. इथेच वॉर्डात राहा. ॲलर्जी दबावी म्हणून गोळ्या देऊ, उद्या वेगळ्या प्रकारचा डाय देऊ, आणि तो देताना मी इथे उभा राहीन."

"आणि आज तसाच दिला असता तर?"

"कदाचित काही झालं नसतं. कदाचित जिवावर बेतलं असतं. आधी कळत नाही, म्हणून तर विचारतो."

क्लचबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "आयुष्यात एकदा तोंड उघडलंत, तेही भर लोकांत!" असे म्हणून त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या पलंगावर निजल्या. "आत कोंडल्यासारखं होतं का?" त्यांनी विचारले.

"हे कडं आहे मॅडम, बोगदा नाही. दोन्ही बाजूंनी उघडं," टेक्निशियन म्हणाला. "दोन्ही हात डोक्यावर घ्या. मी काचेपलीकडे असेन, पण तुमचं बोलणं मला ऐकू येईल."

डॉक्टर औषधांचा ट्रे घेऊन जवळच थांबले. डाय शिरेत गेला. घशापासून खाली ऊब पसरली, तोंडाला लोखंडासारखी चव आली. क्लचबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अहो, माझे कपडे ओले झाले का?"

"नाही मॅडम. बऱ्याच जणांना तसं वाटतं. आत्ता जाईल."

मग मी माझ्यात भरून ठेवलेल्या आवाजात म्हणालो, "श्वास घ्या. रोखून धरा." त्यांनी तो असा रोखला की फोटोत केसाइतकीही हालचाल दिसली नाही. काही मिनिटांत सगळे आटोपले. अंगावर एकही गांधी उठली नाही. तरीही हातातली सुई तशीच ठेवून त्यांना बाहेर बराच वेळ बसवले आणि भरपूर पाणी पाजले.

मूत्रपिंडावरची गाठ मला स्वच्छ दिसली. लहान होती, आजूबाजूला पसरली नव्हती. शस्त्रक्रिया करून ती काढली. अजून काही महिने उशीर झाला असता तर काय दिसले असते, हे मी सांगू शकत नाही. पुढच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा ती जागा रिकामी होती. तो फोटो काढताना मला माझ्या नळीचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

मित्रांनो, मी बऱ्याच गोष्टी पाहू शकतो, पण विचारू शकत नाही. विचारणारी माणसे वेगळी आहेत. त्यांना सगळे सांगा. पूर्वी झालेली ॲलर्जी, मधुमेहाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा जुना त्रास, पोटात बाळ असण्याची शक्यता, सगळे. गोळीचे नाव आठवत नसेल तर रिकामे पाकीट आणा. भीती वाटत असेल तर तीही सांगा, तिच्यामुळे कोणी परत पाठवत नाही. आणि सोबत आलेल्या माणसाला बोलू द्या.