काकाच्या लेथवरचे मोठे आकडे

काकाच्या नजरेला मधोमध भोक पडलंय. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, आणि जे गेलं ते परत येत नाही. काकू समोर उभी राहिली की तिचे कान दिसतात, तोंड दिसत नाही.

"सुटलो," काका म्हणाला.

मी हसलो. काकूने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप ताट उचलून आत गेलो.

काका लेथ चालवतो. चालवायचा. अजून माझ्या तोंडात 'चालवतो'च येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लेथवर लोखंडाचा दांडा गरागरा फिरतो आणि माणूस हँडल फिरवून टूल आत सरकवतो. बटाटा सोलावा तसं ते टूल दांडा सोलत जातं. टूल किती आत गेलं ते हँडलच्या डायलवर बघायचं. डायलवर केसासारख्या बारीक रेघा असतात. कमी कापलं तर परत कापता येतं. जास्त कापलं तर दांडा भंगारात, कारण लोखंड परत चिकटवता येत नाही.

आणि काका डायलकडे बघायचा तेव्हा त्या रेघा नेमक्या भोकात जायच्या.

बरेच दिवस त्याने कुणाला कळू दिलं नाही. कोंबडीसारखी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून रेघा मोजायचा. पण मालकाच्या नजरेतून काय सुटतं?

"मिस्त्री, मशीनकडे तिरकं काय बघता? लाजता की काय तिला?"

सगळं वर्कशॉप हसलं. काकाही हसला. मग मालकाने त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि अगदी प्रेमाने म्हणाला की धार मोडायच्या टेबलावर बसा. कापलेल्या नगाच्या कडा पात्यासारख्या असतात, त्यावर कानस फिरवून त्या बोथट करायच्या. बसून काम. बोटांनी कळतं, डोळे लागत नाहीत.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा पाजल्यावर भांडता येत नाही.

काका घरी येऊन म्हणाला, "मला टेबलावर बसवतायत." एवढंच. टीव्ही लावला आणि त्याच्याकडे पाठ करून बसला.

बाबा गेल्यापासून मी काका-काकूंकडेच असतो. मी मोबाइल रिपेअर करतो. शिक्षण अर्धवट. जे येतं ते व्हिडिओ बघून आणि लोकांचे फोन बिघडवून शिकलो. घरभर माझ्या वायरी पडलेल्या असतात म्हणून काका मला वायऱ्या म्हणतो.

मी म्हटलं, "काका, डायलच्या जागी मोठे आकडे दिसले तर?"

"किती मोठे?"

"तळहाताएवढे."

काकाने स्वतःचा तळहात डोळ्याच्या कडेशी धरून बघितला. मग म्हणाला, "ती मशीनं येतात रे तयार. आकडे दाखवणारी. आमचा मालक ते घेण्यापेक्षा लेथ विकेल."

"तयार नाही. मी बनवतो."

आतून काकूचा आवाज आला, "आधी तो मिक्सर जोडून दे. चार महिने उघडा पडलाय."

खरंतर आयडिया साधी आहे. स्वस्तातला डिजिटल व्हर्नियर घ्यायचा. एक स्टीलची पट्टी असते आणि तिच्यावर सरकणारं एक डोकं, त्यावर छोटा स्क्रीन. डोकं किती सरकलं ते स्क्रीनवर दिसतं, म्हणून पट्टी लेथला बसवायची आणि डोकं टूलच्या सरकणाऱ्या भागाला. त्याच्या कडेला एक इवलंसं झाकण असतं, आत चार ठिपके. त्या ठिपक्यांमधून तोच आकडा विजेच्या ठोक्यांनी बाहेर येत असतो. तिथे वायरी जोडायच्या, एका छोट्या बोर्डावर आणायच्या आणि बोर्डावरून टॅबलेटवर. टॅबलेट माझ्याकडे होता, काच तडकलेला, एका गिऱ्हाइकाने परत नेलाच नव्हता.

सांगताना साधी. करताना नाकी नऊ आले. पहिला व्हर्नियर वायरींना सोल्डरचा डाग देताना जळला. दुसऱ्यातून आकडे आले ते उलटे. सरळ झाले, तर वर्कशॉपमध्ये लेथची मोटर सुरू केल्याबरोबर नाचायला लागले.

"याला पण मशीन बघून घाम फुटतो वाटतं," काका म्हणाला.

शेवटी जुन्या टीव्हीच्या केबलची जाळी काढून वायरींवर चढवली, जाळी लेथच्या बॉडीला जोडली. मोटर सुरू केली. आकडे गप्प उभे. काकाने मान वाकडी करून टॅबलेटकडे बघितलं, मग हळूच हँडल फिरवलं. आकडा त्याच्या हाताबरोबर सरकला. त्याने परत मागे नेलं. परत पुढे. लहान मूल बटण दाबत बसतं तसं.

"दिसतंय?" मी विचारलं.

"कोपऱ्यात दिसतंय," तो म्हणाला. "पण दिसतंय."

ती संध्याकाळ चांगली होती. मी मिक्सरही जोडून दिला.

पट्टीवर झाकण करायचं राहिलं होतं. डोक्यात होतं, पण आधी आकडे, मग झाकण, असं म्हणत राहिलो. काकाला तेवढं सांगितलं होतं की पट्टीला हात लावू नको, नाजूक आहे. दोन-तीन दिवस त्याने खरंच हात लावला नाही. वरची धूळसुद्धा फुंकून उडवायचा.

मालकाने येऊन बघितलं. हँडल फिरवून बघितलं, खिशातून स्वतःचं गेज काढून ताडून बघितलं. बरोबर. मग म्हणाला, "ठीक आहे. रोलरचा शाफ्ट आलाय, बेअरिंगची जागा कापायचीय. एकच नग आहे, दुसरा नाही. बरोबर निघाला तर लेथ तुमचं, मिस्त्री. नाही निघाला तर टेबल. आणि मग तोंड पाडायचं नाही." माझ्याकडे बोट केलं. "मोजमाप हा करेल. कापायचं तुम्ही."

शाफ्टच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं.

वर्कशॉपमध्ये पोचलो तर काका माझ्या आधीच आलेला. मशीन पुसून लख्ख. तो रोजच असं करायचा. आल्या आल्या मशीनला तेल. कापूस तेलात बुडवून सरकणारी प्रत्येक जागा पुसायची. जे सरकतं त्याला तेल, हे त्याचं ठरलेलं.

काम सुरू झालं. काका कापायचा, मशीन थांबवायचा, मी जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावून आकडा सांगायचा. सगळं जुळत होतं. काका गुणगुणायला लागला होता.

शेवटचा कट राहिला. दोन केसांएवढाच कापायचा होता, मिलिमीटरच्या शंभर भागांतले वीस. टूलवर पाण्याची धार सोडली होती, ते तेल मिसळलेलं दुधासारखं पाणी, गार करायला. काकाने हँडल फिरवलं. आकडा क्षणभर अडकल्यासारखा वाटला, मग सरकला आणि पाहिजे तिथे येऊन थांबला. मी स्वतः बघितलं. काकाने मान वाकडी करून वाचला, मोठ्याने म्हणाला, "वीस." मी म्हटलं, "वीस." बरोबर वीस होता.

टूल कडेला लागलं आणि काकाचा हात हँडलवर थबकला.

"जड जातंय रे."

"काय?"

"कट. वीसचा नाही वाटत. हाताला जड लागतोय."

तेव्हा फक्त कड लागली होती. ती कड नाहीतरी नंतर तिरकी घासून टाकायची असते. तिथे थांबलो असतो तर शाफ्टला काही झालं नसतं.

मी परत टॅबलेटकडे बघितलं. तळहाताएवढे आकडे. "काका, वीसच आहे."

"नक्की?"

"वीसच आहे, काका."

"तू म्हणतोस तर," तो म्हणाला आणि टूल पुढे जाऊ दिलं.

छिलका जाड निघाला. निळा. बारीक कटाचा छिलका निळा होत नाही एवढं मलाही कळतं. पण कळेपर्यंत टूल दुसऱ्या टोकाला पोचलं होतं.

मशीन थांबलं. मी मायक्रोमीटर लावला. काढला, पुसला, परत लावला.

"किती?" काकाने विचारलं.

"कमी झालाय."

"किती कमी?"

मी सांगितलं. काकाने शाफ्टवर बोट फिरवलं. किती गुळगुळीत केला होता. आरशासारखा.

मी पट्टीच्या डोक्याला हात लावला तर बोट घसरलं. डोक्याच्या खाली, पट्टीभर, तेल. वरून ते दुधी पाणी आणि लोखंडाची बारीक भुकटी, सगळं मिळून राखाडी चिखल. या स्वस्त पट्ट्यांचं असंच असतं. कोरड्या असल्या की शहाण्या, ओल्या झाल्या की काहीही बरळतात. मला माहीत होतं. काकाला कुठून असणार?

"याला तेल..." मी म्हटलं.

"मीच," काका म्हणाला. "सकाळी. म्हटलं, आज परीक्षा. सगळ्यांना पाजतो, तुझ्या पट्टीला पण चार थेंब. जे सरकतं त्याला..."

तो तिथेच थांबला. माझं तोंड त्याला दिसत नव्हतं, पण कळलं असणार.

तेवढ्यात मालक आला. छिलक्याकडे बघितलं, मायक्रोमीटर माझ्या हातातून घेतला, स्वतः मोजलं.

"पट्टी चुकली की माणूस?"

मी म्हटलं, "पट्टी. तिच्यात..."

काकाने माझ्या पायावर पाय ठेवला. बूट. जोरात.

"पट्टी बरोबर होती," तो म्हणाला. "मीच चुकीचं वाचलं. पाचचा दोन वाचला. एवढा मोठा आकडा आणि तरी. डोळेच गेलेत, त्याला पोराचं यंत्र काय करणार?"

"काका, तू बरोबर वा..."

"वायऱ्या, तू गप रे."

मालकाने टॅबलेटकडे बघितलं, मग काकाकडे. तो काकाचंच खरं मानणार होता. भोक सगळ्यांना माहीत होतं, तेल कुणालाच नाही.

"मी म्हटलंच होतं," तो म्हणाला. रागावला नाही. काकाच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी जाताना मी रस्त्यावर भांडलो. म्हटलं, खोटं का बोललास? तू अचूक वाचलं होतंस, मी साक्षीला होतो. तेल पडलं एवढंच सांगायचं होतं, मालकाने परत संधी दिली असती.

"चार थेंब तेलाने मरतं ते यंत्र वर्कशॉपमध्ये कोण ठेवेल? काढून फेकलं असतं त्याने."

"मग फेकू दे की!"

"माझे डोळे नाहीतरी जाणारच आहेत. आज ना उद्या," काका म्हणाला. "तुझं कशाला घालवायचं?"

भाजीवालीकडून काकाने कोथिंबीर घेतली, घासाघीस करून.

मी जुन्या खिडकीचा ॲल्युमिनिअमचा चॅनल कापून पट्टीवर झाकण केलं, कडेला रबर लावलं. आता तेलाची बादली ओतली तरी आत जात नाही. मालक खूश आहे. बाकीच्या लेथवर पण बसवून दे म्हणाला. मी बसवतोय. काकाच्या लेथवर नवा ऑपरेटर आलाय, गुणी आहे, काकाला मान देतो. मोठे आकडे बघून कापतो. त्याचे डोळे चांगले आहेत, त्याला एवढे मोठे नको होते. मी लहान करून दिले.

काका टेबलावर बसतो. आता कोपऱ्यातलंही धूसर व्हायला लागलंय. काकूचे कानसुद्धा गेले, असं तो सांगतो, आणि या वेळी आम्ही कुणीच हसत नाही.

परवा सकाळी मी दुसऱ्या लेथवर वायरी ओढत होतो. कुणी आलं नव्हतं. काका टेबलावरून उठला, मशीनं चाचपत त्याच्या लेथपाशी गेला. कापूस घेतला, तेलात बुडवला, सरकणाऱ्या जागा पुसायला लागला. पट्टीपाशी आला. बोटाने झाकणाची कड शोधली आणि तिथे कापूस बाजूला धरून, तेवढी जागा सोडून, पुढे गेला.

नवा ऑपरेटर डबा टांगत आला. "अहो काका, राहू द्या. मी लावतो ना, रोज लावतो." त्याने हसत काकाच्या हातातली तेलाची कुपी काढून घेतली. वाईट काहीच नव्हतं त्यात.

"हो हो," काका म्हणाला. "सवय रे."

तो टेबलावर परत आला. खोक्यातला एक नग उचलला, कानस घेतली आणि कडेवर फिरवायला लागला. तो नग त्याने कालच केला होता, मी बघितलं होतं. ते तयार नगांचं खोकं होतं. कड बोथट होऊन गेली होती. तो घासत राहिला. मी उठून खोकं बदलणार होतो, पण उठलो नाही.