पोटावरचं बटण

टेलरमास्तरांचा उजवा हात इतका थरथरायचा, की चहा कपातून कमी आणि बशीतूनच जास्त पोटात जायचा. पण म्हातारपणीचा भत्ता चालू ठेवायचा, तर हा हात कामाचा उरला नाही, हे दर वर्षी तपासनीसाला पटवावं लागे. भत्ता गेला की औषधं मुलीच्या पगारातून. आणि तो पगार दहा तारखेलाच धापा टाकायला लागायचा.

"बाबा, आत शहाणपणा नको," मुलीने दाराबाहेर बजावलं. "हात दाखवायचा, गप बसायचं, यायचं."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर काळजी नव्हती."

आत तपासनीस टाचणीने कान कोरत होता. निघालेला ऐवज डोळे भरून पाहिला आणि तीच टाचणी त्याने मास्तरांच्या अर्जाला टोचली. टेबलावरच्या चहात एक माशी साय पांघरून निजली होती. पण त्याहून भयंकर गोष्ट समोर होती : साहेबाच्या पोटावरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.

मास्तरांनी छताकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. बटण नजरेसमोरून जाईना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मेल्यावर भत्ता मिळत नाही.

"साहेब, हलू नका." मास्तरांच्या कॉलरखाली मुलीने सकाळी ओवून दिलेली सुई होती, स्वतः ओवणं सुटून सहा वर्षं झाली होती. सुई हातात आली की हात घटकाभर थांबायचा, तसा थांबला. चार टाके, दोन वेढे, गाठ. दोरा दाताने तोडताना शर्टाचा आंबूस घाम जिभेवर आला.

"वा!" साहेबाने पोट कुरवाळलं आणि लिहिलं : कामास सक्षम.

"अहो, सुई मुलीने ओवलीय! आणि हा हात बघा आता!"

हात टेबलावर टकटक वाजत होता.

"आताचं कोण विचारतंय? माझ्या डोळ्यांदेखत काम केलंत ना?"

मास्तरांनी टेबलावरची कात्री दोन्ही हातांनी धरली, बटण कापलं आणि माशीशेजारी चहात टाकलं. "घ्या. नाही केलं काम."

साहेबाने न चिडता पुढची ओळ लिहिली : उसवणंही जमतं.

बाहेर येऊन मास्तर थेट नळावर गेले. चूळ भरली, थुंकले, पुन्हा भरली.

"बाबा, भत्त्याचं काय झालं?" मुलीची नजर कॉलरकडे गेली. सुईत दोरा नव्हता. "शिवलंत? तिथे? कुणाचं शिवलंत?"

"थांब गं," मास्तर म्हणाले, "तोंडाची चव जात नाहीये अजून."