आत कोणीतरी आहे

तिने फाइल पुसायची आज्ञा टाइप केली आणि एंटरवर टेकवलेलं बोट चटका बसल्यासारखं उचलून घेतलं.

पडद्यावर तीच ओळ होती: दुसरीकडून नोंद चालू आहे, थांबा. सकाळपासून इस्पितळाची रक्तपेढी या ओळीपाशी अडून बसली होती. पिशव्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या दोन प्रती होत्या. एक इथल्या मशीनवर, दुसरी पटांगणापलीकडच्या जुन्या इमारतीत, आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंद डब्यात. एक पडली तर दुसरीने काम उचलायचं. दोघी लिहायच्या मात्र एकाच डिस्कवर, नेटवर्कवरून. म्हणून जिला लिहायचं तिने आधी तिथे एक चिमुकली तात्पुरती फाइल ठेवायची आणि काम झालं की काढायची. न्हाणीघराला आतून कडी लावतात तसं. ती दिसली की दुसरीने बाहेर ताटकळायचं.

आज कडी लागलेली होती आणि आतून कोणी ओ देत नव्हतं.

"अजून तशीच?" साहेबांनी दारातून विचारलं. एरवी खुर्ची न सोडणारे तिच्या संगणक विभागाचे हे प्रमुख आज सारखे येरझाऱ्या घालत होते.

"सर, फाइलीत ती ठेवणाऱ्या प्रोग्रामचा नंबर आहे, पण तो नुसता '१'. दोन्ही डब्यांत पहिल्या प्रोग्रामला '१' हाच नंबर मिळतो. आपलीच प्रत सकाळी बंद पडली, तेव्हा ती सोडून गेली असेल. किंवा पलीकडची अजून लिहीत असेल. कळायला मार्ग नाही."

"पलीकडचं मशीन हाकेला उत्तर देत नाहीये. मेलंय ते. मेलेल्याची कडी किती वेळ सांभाळायची? काढ."

"आणि जिवंत असलं तर? दोघी एकदम लिहितील. एकाच नंबरच्या दोन पिशव्या होतील, रक्तगट वेगवेगळे."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. वर जाणाऱ्या जिन्याकडे एकदा पाहिलं.

"काढ म्हणतोय ना," एवढंच म्हणून ते गेले.

लगेच फोन वाजला. रक्तपेढीच्या बाई होत्या.

"अगं, हाताने लिहून लिहून डोळे फुटायची वेळ आली. वर एका बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. घाईत माझ्या हातून चुकलं म्हणजे?"

घरात नवरा तिला 'कडी' म्हणायचा. कुलूप लावून निघालं तरी ती अर्ध्या जिन्यातून परत जाऊन ते ओढून बघायची. एक दिवस कुलूपच हातात येईल तुझ्या, म्हणायचा. ते आठवूनही आज हसू आलं नाही. फाइल काढली तरी कोणाचा तरी जीव टांगणीला, ठेवली तरी तेच.

"बाई, मी पलीकडे जाऊन डोळ्यांनी बघून येते. तोवर हातानेच चालवा."

पटांगण तिने जवळजवळ पळतच ओलांडलं. जुन्या इमारतीत इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढून छताजवळ खुडबुड करत होता.

"उंदरांनी वायर खाल्लीय, ताई," तो वरूनच म्हणाला. "जातंय थोडं थोडं, रखडत रखडत."

तिने मशीनला पडदा जोडला. एक ओळ उमटली. बऱ्याच वेळाने दुसरी. रक्तदान शिबिरातून आलेल्या पिशव्यांची नोंद मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. हाक पोचत नव्हती, पण लिहिणं पोचत होतं. आत कोणीतरी होतं.

तिथूनच तिने साहेबांना फोन लावला.

"सर, जिवंत आहे. फाइलीला हात लावू नका."

"काढली मी," साहेब म्हणाले. "सगळं सुरू झालंय. पिशवी वर गेलीसुद्धा."

तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावर आणखी एक ओळ उमटली. म्हणजे दोघी एकदम लिहीत होत्या. तिने नेटवर्कची वायर हिसकून काढली आणि धावता धावता बाईंना फोन लावला.

"प्रोग्रामने छापलेल्या चिठ्ठीवर विसंबून एकही पिशवी लावू देऊ नका!"

"बाळंतिणीची गेली की गं! वर कोणी फोन उचलत नाही..."

जिना ती दोन-दोन पायऱ्या टाकत चढली. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर साहेब बसले होते. हातात बाईमाणसाचा चष्मा. तिने दोन्ही मुठींनी दार वाजवलं. नर्सने दार किलकिलं केलं.

"पिशवी लावली?"

"लावतेच आहे."

"थांबा. चिठ्ठी खोटी असेल. पिशवीतलं रक्त पुन्हा जुळवून बघा. हाताने."

दार मिटलं. तिने वळून साहेबांकडे पाहिलं.

"माझी मुलगी आहे आत," ते म्हणाले.

थोड्या वेळाने नर्स पिशवी घेऊन बाहेर आली आणि कोणाकडेही न बघता जिना उतरून गेली. मग रक्तपेढीच्या बाई स्वतः दुसरी पिशवी छातीशी धरून धापा टाकत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून दोघांनाही कळलं, पहिली पिशवी दुसऱ्याच गटाची होती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. "थांबलंय रक्त," नर्स म्हणाली. "बाळ ठीक आहे. तिला मात्र आज इथेच ठेवणार."

साहेबांनी मुलीच्या चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसली. ती स्वच्छच होती.

"सर, मला सांगायचं तरी होतंत."

"सांगितलं असतं," ते मान वर न करता म्हणाले, "तर काढली असतीस?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ते खरं आहे का हे तिलाच ठरवता येईना. मग त्यांच्या शेजारी बसली.