अंधारातलं हसू

मित्रांनो, बाळ येशूच्या मूर्तीखालच्या कप्प्यात एक काळी व्हिडिओ कॅसेट दिसते ना, ती मी. आता म्हातारी झाले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते खोकं. डेल्फिनच्या दुबईला कामाला असलेल्या भावानं ते मनिलाला त्याच्याकडे धाडलं होतं. त्यात साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस आणि मी. मांस त्याच आठवड्यात संपलं. मी मात्र कोरीच राहिले, कारण डेल्फिनची बायको लुमेन म्हणाली, "टीव्हीवर काहीतरी चांगलं आलं की हिच्यावर घेऊ."

लुमेनची टीव्ही स्टुडिओच्या फाटकाशी खानावळ होती. 'वरचा मजला' या विनोदी मालिकेतले पाच नट तिथेच जेवायचे. मालिकेत ते एका खोलीत भाड्यानं राहणारे दोस्त होते. एका भागाची तालीम त्यांनी लुमेनच्याच बाकावर केली, तिचंच भाताचं पातेलं मधे ठेवून. प्रसंग असा: महिनाअखेर, भात थोडा. प्रत्येक जण म्हणतो, "मी जेवून आलोय, तुम्ही खा." कुणीच हात लावत नाही. तेवढ्यात वीज जाते. परत येते तेव्हा पाचही जणांचे हात पातेल्यात!

लुमेन पोट धरून हसली. "अरे मेल्यांनो, माझा भात सांडलात की!"

चित्रीकरणाच्या दिवशी रस्त्यांवर पाणी भरलं आणि प्रेक्षक आलेच नाहीत. मग फाटकाजवळच्या लोकांनाच आत नेऊन खुर्च्यांवर बसवलं. लुमेन पहिल्या रांगेत. दिवे गेले. पुढे काय होणार हे तिला ठाऊक होतं, तिला राहवेना. अंधारात तिचं एकटीचं हसू खळखळलं. पाचांतला जाडा रोडेल मंचावरून ओरडला, "मावशी, दम धरा! दिवे यायचेत अजून!" मग सगळा स्टुडिओच हसला. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं.

तो भाग टीव्हीवर लागला, तेव्हा डेल्फिननं मला यंत्रात घातलं.

"रेकॉर्डचं बटण दाबलंस का?" लुमेननं विचारलं.

"दाबलं."

"नक्की?"

"आता गप्प बस, नाहीतर तुझंच हसू तुला ऐकू यायचं नाही."

नंतर त्यानं माझ्या कडेची प्लास्टिकची चिमुकली पट्टी मोडून टाकली. आता माझ्यावर दुसरं काही चढणार नव्हतं.

ते माझे सुखाचे दिवस. दर नाताळाला शेजारीपाजारी जमायचे. लुमेन पदरासारखा ॲप्रन तोंडावर घ्यायची. "बंद करा रे, म्हशीसारखी हसतेय मी!"

"म्हैस बरी," डेल्फिन म्हणायचा, "ती वीज येईपर्यंत थांबते तरी."

मग लुमेन गेली. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, माणसं पांगली, आणि डेल्फिननं एकट्यानं मला लावलं. लुमेन हसते तेवढीच जागा. मागे नेऊन पुन्हा. आणि पुन्हा. मी तिथेच झिजत गेले, चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या. एकदा तिचा आवाज जरासा हलला आणि तो घाबरला. त्यानं मला लुमेनच्या रुमालात गुंडाळून या कप्प्यात ठेवलं.

त्याची मुलगी रोवेना म्हणाली, "बाबा, दुकानात देते, नक्कल करून आणते."

"हरवली तर? घराबाहेर जायची नाही ती."

"अशी पडून पडून बुरशी धरेल तिला."

त्यानं ऐकलं नाही. बुरशी आलीच. रुमालाच्या आत माझ्या फितीवर पांढरे ठिपके धरले, आणि मी गप्प पडून राहिले.

वर्ष सरलं. दुखवट्याचे काळे कपडे उतरवून सगळ्यांनी एकत्र जेवायचा दिवस आला. रोडेलही आला, डोक्यावरचे केस पिकलेले.

"डेल्फिनदादा, मावशीचं हसू ऐकवा. आम्हा पाचांतले दोघेच उरलोत आता."

"लावली आणि बिघडली तर?"

"आणि न लावताच बिघडली तर?"

डेल्फिननं उठून रुमाल सोडला, कापडानं मला पुसलं. मग यंत्रात घातलं.

पातेलं दिसलं. पाच दोस्त दिसले. "मी जेवून आलोय..." आणि नेमकं तिथेच यंत्र कर्रकर्र करून मला चावलं. माझी फीत चुरगळून बाहेर आली. डेल्फिननं बोटानं एकेक सुरकुती सरळ केली, चकती फिरवून फीत आत गुंडाळली आणि पुन्हा लावलं.

चित्र गेलं होतं. पडद्यावर नुसता अंधार. डेल्फिननं डोळे मिटून घेतले.

आणि त्या अंधारातून लुमेन हसली. अगदी स्वच्छ, तेव्हासारखी.

रोडेलच्या तोंडून आपोआप निघालं, "मावशी, दम धरा! दिवे यायचेत अजून!"

सगळे हसले. डेल्फिन डोळे पुसत म्हणाला, "नाही धरायची ती दम. कधी धरला होता?"

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच मला रोवेनाच्या पिशवीत ठेवलं. "नक्कल कर. सगळ्यांना दे. पहिली रोडेलला."

मित्रांनो, आवडीची वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगणारच. पण भीतीपोटी तिला कोंडून ठेवू नका. तुमच्या घरात कुणाचं हसू कुठे साठवलेलं असेल, तर आजच काढा, पुसा, आणि चार माणसांना बोलावून ऐका. माझ्याकडे बघून हळहळू नका. माझं चित्र गेलं खरं, पण लुमेन हसली तिथे चित्र कधी नव्हतंच. तिथे अंधारच होता, आणि ती होती.