सगळे गुणगुणतात ती चाल

मित्रांनो, ताईच्या खोलीतल्या कपाटावर उताणी पडलेली ती जुनी बेस गिटार म्हणजे मी. मला तारा चारच, पण चांगल्या जाडजूड. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं आणि चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या ताईने पहिल्या पगारात घरी आणलं.

ताईचा धाकटा भाऊ गायचा. आवाज गोड, पण गाणं ऐकून कुणाचा पाय हलत नसे. एका सुट्टीच्या दुपारी ताईने त्याच्या गाण्याखाली माझ्यावर एक छोटीशी चाल धरली. खाली उतरणारी, मध्येच थबकणारी, पुन्हा उडी मारणारी. वर तरंगणाऱ्या त्या आवाजाला पायाखाली जमीन मिळाली. शेजारच्या काकू भांडी घासता घासता डोलू लागल्या.

"ताई, आता कुठे हे गाणं झालं!" भाऊ ओरडला. मी कितीतरी वेळ आनंदाने थरथरत होते.

रेकॉर्डिंग ठरलं. मला नव्या तारा चढवून ताई स्टुडिओत पोचली, तर गाणं आदल्याच दिवशी उरकलेलं! आमची चाल भावाने मशीनवर वाजवून घेतली होती.

"अगं, घाई होती," तो म्हणाला. "आणि बेस ऐकतंय कोण?"

गाणं गाजलं. न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या बसमध्ये लोक शब्द विसरायचे आणि आमची चालच गुणगुणायचे. रेडिओवर भाऊ हसत म्हणाला, "ती मला आंघोळ करताना सुचली." ताईने रेडिओ बंद केला आणि मला इथे वर ठेवलं.

काही वर्षांनी तो आला. पुढची सगळी गाणी आपटली होती.

"ताई, तसंच काहीतरी वाजव ना."

"वाजवते. माझं नाव घेशील?"

त्याने चहाचा कप उचलला. "आता लोकांना काय सांगू?"

"मग चहा संपव आणि नीघ."

तो गेल्यावर ताई स्टुलावर चढली. तिचा हात माझ्या तारांवरून फिरला. वाटलं, आता खाली घेणार. मग तिने माझ्यावर जुनी चादर टाकली आणि ती उतरून गेली.

मित्रांनो, तिला भावाने दगा दिला. मला मात्र तिनेच दिला. गाणं आवडलं, तर त्याच्या तळाशी काय वाजतंय ते ऐका आणि कोण वाजवतंय ते विचारा. आणि कुणी तुम्हाला फसवलंच, तर त्याचा राग आम्हा वाद्यांवर काढू नका. आम्ही तुमच्याच बाजूने वाजत होतो.