शपथेतला जिल्हा

चंद्रभाननं माउसवर बोट दाबलं आणि पडद्यावर शून्य उमटलं. 'गेल्या आठवड्यात आपण किती पेग घेतले?' या प्रश्नाखाली ग्लासांची चित्रं ओळीनं मांडलेली होती. त्यातलं एकही न निवडता त्यानं कडेचं शून्य निवडलं होतं. पडदा जरा थांबला, मग हिरव्या अक्षरांत उत्तर आलं : 'अभिनंदन! आपल्याला या मदतीची गरज दिसत नाही.'

एवढ्या सहजी सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो खुर्चीत तसाच बसून राहिला. कारंज्याच्या त्या सायबर कॅफेत प्लायवुडचे आडोसे होते, तरी सगळा बाजार आपल्या पाठीशी उभा राहून ते अभिनंदन वाचतो आहे असं त्याला वाटलं.

"काका, झालं का?" कॅफेवाल्या नीलेशनं गल्ल्यावरून विचारलं.

"होऊन राह्यलं," चंद्रभान म्हणाला.

तसं पाहिलं तर त्यानं खोटं लिहिलं नव्हतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, आणि जिल्ह्यात पिणं त्यानं कधीचं सोडलेलं. त्याची पोरगी गुंजन लहान असताना एकदा तो भरदिवसा नाल्याच्या काठी पडलेला सापडला. त्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं, कुंताबाईनं, पोरीला त्याच्यापुढे उभं केलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली, वर्धा जिल्ह्याच्या हद्दीत दारूच्या थेंबाला शिवणार नाही. ती मोडायची त्याची छाती नव्हती आणि त्यानं ती मोडलीही नाही. भाजीचा टेम्पो घेऊन तो नागपूरच्या बाजाराला जायचा. परतताना जिल्ह्याच्या पाटीच्या थोडं अलीकडे, नागपूरच्या हद्दीत, एक बार होता. पाटी ओलांडताना दारू पोटात असायची, पण पोटातल्या दारूबद्दल शपथेत काही ठरलेलं नव्हतं.

'जिल्हा' हा शब्द आपण शपथेत किती शिताफीनं सरकवला, याचं सुरुवातीला त्याला मोठं कौतुक वाटायचं. पुढे पुढे त्याच शब्दाची लाज वाटू लागली. कुंताबाईनं विश्वासानं वाढलेलं ताट समोर आलं की त्याचा घास तोंडातच फिरायचा.

यंदा दिवाळीच्या सुटीला गुंजन नागपूरच्या होस्टेलवरून एसटीनं येत होती. खिडकीतून तिला बापाचा टेम्पो दिसला आणि टेम्पोला धरून ओकणारा बापही दिसला. आईसमोर ती काही बोलली नाही. परत जायच्या आदल्या दिवशी मात्र त्याला नीलेशकडे घेऊन गेली, ही दारू सोडायला मदत करणारी साइट कशी उघडायची ते दाखवलं.

"मराठीत हाय, बाबा. नाव बी नाई सांगा लागत," एवढंच म्हणाली.

ज्या डोक्यावर हात ठेवला तेच डोकं एसटीच्या त्या खिडकीत होतं, हे काही त्याच्या मनातून जाईना.

पडद्यावर तो पुन्हा पहिल्या पानावर आला. प्रश्न तोच होता. कुठं घेतली, हे त्यात कुणी विचारलंच नव्हतं. त्या यंत्राला वर्धा ठाऊक नव्हता, पाटी ठाऊक नव्हती; त्याला फक्त किती ते हवं होतं. चंद्रभान एकेका ग्लासावर बोट दाबत गेला. एक ओळ भरली, दुसरी लागली.

'खरं लिहिलंत. आता सुरुवात करू,' पडद्यावर आलं. खाली दोन चौकोन होते : 'माझं मी करीन' आणि 'सोबत माणूस हवा'. दुसरा दाबला तर तिकडून कुणी माणूस रोज लिहिणार होता. त्यानं घाईघाईनं पहिला दाबला. माणूस म्हटला की बघणारे डोळे आले.

मग तो दोन-चार दिवसांआड कॅफेत जाऊ लागला. ग्लास कमी झाले, पुन्हा वाढले. यंत्र चिडत नव्हतं, टोमणे मारत नव्हतं, आणि तेच त्याला सोसेना. एके दिवशी यंत्रानं विचारलं : 'घरात कुणाला सांगितलंत का?' चंद्रभान उठला आणि तडक घरी आला.

कुंताबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. गावच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. पोलीस यायच्या आधी मोहाच्या दारूच्या कॅना नालीत ओतणारी बाई म्हणून पंचक्रोशीत तिचा दरारा होता.

"कुंता, मले काही सांगाचं हाय."

"सांगा ना."

"मी पितो. पाटीच्या तिकडं. बाजाराहून येताना, दर खेपेले. शपथ घेतली तवा मुद्दाम जिल्हा म्हटलं होतं मी. तुले फसवलं."

तिनं हातातली जुडी बांधली, दुसरी घेतली. पण दुसऱ्या जुडीची गाठ काही तिला बसेना.

"तुमी नाई म्हटलं," ती म्हणाली. "जिल्हा मी घातला."

"तू?"

"आठवा. एकेक शब्द मी सांगत गेली अन् तुमी मांगून म्हणत गेले. तुमच्यानं सुटत नाई, हे मले मालूम होतं. पोरीच्या डोक्यावरची शपथ मोडली असती तं?" तिनं सुतळी खाली ठेवली. "अन् तवाच मले अध्यक्ष केलतं. अध्यक्षबाईचा नवरा गावात पडलेला दिसाले नको. काय करायचं ते दूर जाऊन करा, असं वाटलं मले. खरंच तसं वाटलं."

इतकी वर्षं ज्या लबाडीपायी तो मान खाली घालून वावरला, ती त्याची नव्हतीच. त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण ही बाईही तितकीच वर्षं तेच मनात घेऊन त्याला ताट वाढत आली, हे कळल्यावर त्याला तिच्याकडे बघवेना.

"मंग आता नवी शपथ घेऊ का?"

"नको. शपथा लय झाल्या."

पुढच्या बाजाराला त्यानं टेम्पो सुरू केला, तर कुंताबाई बाहेरचं लुगडं नेसून शेजारी येऊन बसली. नागपुरात तिनं मेथी त्याच्यापेक्षा चढ्या भावानं विकली. परतीच्या वाटेवर बारचा पत्र्याचा मांडव दिसला आणि चंद्रभानचा अॅक्सिलरेटरवरचा पाय सवयीनं ढिला पडला. कुंताबाईनं तो पाय पाहिला.

"इथंच का?"

"इथंच," तो म्हणाला आणि पाय पुन्हा दाबला. "चाल, घरी जाऊ. आज नाई घ्याची मले."

"थांबवा."

"काऊन?"

"थांबवा म्हटलं ना. इतके वर्सं मी तुमाले कुठं धाडून राह्यली होती, ते पाहू तं द्या मले."

त्यानं टेम्पो कडेला घेतला. कुंताबाईनं पदर सावरला, दार उघडलं आणि ती त्याच्याआधी खाली उतरली.