एल्डन क्विंबीचे ओट आणि लाल कार्ड

हॅरोफील्डचं सहकारी दुकान आठशे सभासदांच्या मालकीचं होतं, म्हणजे वर्ना टेट्रोच्या डोक्यावर आठशे मालक बसले होते. दारातून गिऱ्हाईक म्हणून आत येणारा एक माणूस दाखवा! जो तो मालक. सुटा माल भरायला घरून बरणी आणणार, डब्यातले मसूर हुंगणार, नाक मुरडणार आणि जाता जाता दाराशी टांगलेल्या फळ्यावर एक चिठ्ठी टोचून जाणार. प्रत्येक चिठ्ठीला आठवड्याच्या आत, तिच्याच खाली, गोड शब्दांत उत्तर लिहायचं असा दुकानाचा नियम होता. वर्ना व्यवस्थापक, त्यामुळे हे लोढणं तिच्याच गळ्यात.

'सेंद्रिय मीठ का ठेवत नाही?' असं एकाने विचारलं होतं. वर्नाने लिहिलं, 'सुचवल्याबद्दल आभार, चौकशी करते.' मीठ काय शेतात पिकतं, गाढवा? असं ती मनात म्हणाली. 'दाराची घंटा वाजली की माझा कुत्रा उदास होतो.' उत्तर : 'त्याच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या.' 'इतक्या लांबून केळी आणता, लाज नाही वाटत?' असं जांभळ्या शाईत लिहिणाऱ्या बाईनेच चार दिवसांनी लिहिलं, 'काल केळी संपली होती, फार गैरसोय झाली.' जांभळी शाई फिलिपा हॅथवेची. दुकान सुरू करणाऱ्यांपैकी ती एक, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे.

त्या वर्षी बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला आणि ओटांच्या डब्यात पाखरं झाली. झाकण उघडावं तर भुर्रकन दोन-चार तोंडावर. आत जाळी, जाळीत अळ्या. फळा चिठ्ठ्यांनी भरून गेला. आता मारायचं तर औषध फवारता येत नाही, कारण दुकान नैसर्गिक मालाचं. पाखरांसाठी चिकट सापळे लावले, तर एका सभासदाने ते काढून टाकले आणि चिठ्ठी लिहिली, 'त्यांनाही आई असते.' वर्नाने कपाळावर हात मारला.

कुणावर तरी खापर फोडायला हवंच होतं. ते फुटलं एल्डन क्विंबीच्या डोक्यावर.

एल्डन म्हणजे टेकडीपलीकडचा म्हातारा. दुकान उघडल्या दिवसापासून ओट त्याचेच. त्याची इतर गिऱ्हाइकं कधीच मोठ्या कंपन्यांकडे गेली होती. उरलं होतं हे एकच दुकान. ते सुटलं की शेत विकण्यावाचून गत नव्हती, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वर्नाने त्याची पोती एकेक करून उसवली, चाळली, एक पोतं तर महिनाभर बंद खोलीत ठेवून पाहिलं. एक पाखरू निघालं नाही. तसं तिने फळ्यावर लिहिलंही. खाली जांभळी शाई : 'डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून अंडी नसतात असं नाही. सभेत ठराव आणू. एल्डनचे ओट बंद.'

सभेची रीत अशी, की प्रत्येक सभासदाच्या हातात एक हिरवं कार्ड आणि एक लाल. सगळ्यांनी हिरवं दाखवलं तर ठराव पास; एक जरी लाल निघालं तरी पडला. पगारी नोकरांना कार्ड नाही, म्हणून वर्नाला नाही. पण एल्डन पहिल्यापासूनचा सभासद.

"एल्डनकाका, सभेत लाल कार्ड वर करा आणि मोकळे व्हा," ती त्याच्या अंगणात उभी राहून म्हणाली. "तुमचा हक्क आहे तो."

"माझेच ओट विकायला माझंच कार्ड? जमणार नाही, पोरी. त्यांना नको असतील तर नकोत. मी काय त्यांच्या नरड्यात कोंबू?"

"आणि शेत?"

"शेत माझं आहे. त्याचं काय करायचं ते मी बघेन."

मूर्खांची गर्दी एकीकडे, आणि हा हट्टी म्हातारा दुसरीकडे. वर्ना चरफडत परत आली.

आणि दुसऱ्याच दिवशी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. फिलिपाबाई ओटांच्या डब्याशी उभी होती. घरच्या बरणीतून मूठमूठ ओट काढून ती डब्यात ओतत होती.

"हे काय चाललंय?" वर्नाने विचारलं.

"मागच्या महिन्यात जरा जास्त नेले होते. घरी नुसते पडून राहिले असते. वाया कशाला घालवायचं? परत केले," फिलिपाबाई अशी हसली, की जणू देवळातच देणगी देत होती. "सगळ्यांनीच असं करायला हवं, नाही का?"

म्हणजे पाखरं इथून येत होती! महिनाभर कुणाच्या तरी दमट कपाटात पडलेले ओट! तिच्या तोंडावर आलेली शिवी तिने गिळली. आत्ता हिला धरलं तर काय होईल, हे तिला पुरतं ठाऊक होतं. फिलिपाबाई रडेल, मग तिचं दुःख ऐकायला सगळे गोल करून बसतील, आणि शेवटी वर्नानेच माफी मागायची. ही माणसं मेली तरी चूक कबूल करणार नाहीत. पण पुण्य? पुण्य यांच्याने लपवणं होणार नाही.

संध्याकाळी फळ्यावर वर्नाच्या हातची सूचना लागली : 'काही सभासद उरलेलं धान्य वाया न घालवता आपल्या डब्यांत परत आणून घालतात. अशा सभासदांचा सभेत सत्कार करायचा आहे. येताना बरणी आणावी.'

सभेला हॉल भरला. एल्डन मागच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. अध्यक्ष मेरिल, टक्कल चमकावत आणि लोकरी मोजे दाखवत, म्हणाला, "ठरावाआधी एक आनंदाचं काम. धान्य परत करणारे कोण कोण आहेत? हात वर करा बघू."

पहिला हात फिलिपाबाईचा. मग दुसरा, तिसरा. सापळे काढणारा बाबा, उदास कुत्र्याची मालकीण, बघता बघता निम्मा हॉल. वर्नाला वाटलं होतं दोघं-तिघं असतील. अरे देवा, हे सगळेच!

"पुढे या, फिलिपाबाई," वर्ना म्हणाली. "बरणी दाखवा सगळ्यांना. उघडा ना."

फिलिपाबाईने झाकण फिरवलं. दोन पाखरं बाहेर आली, मेरिलच्या टकलावरून एक फेरी मारून दिव्याकडे गेली. बरणीच्या तळाशी पांढरी जाळी होती.

वर केलेले हात एकेक करून खाली आले. कुणी खोकलं. कुणी उगाच कोटाची बटणं लावली.

आता लाज वाटेल की नाही? नाव नको! मेरिलने घसा साफ केला. "मला वाटतं, यात दोष कुणाचाच नाही. आपण सगळेच शिकतोय."

"अगदी!" फिलिपाबाईच्या जिवात जीव आला. "मी जुना ठराव मागे घेते आणि नवा मांडते. झालं गेलं विसरून आपण एल्डनला मोठ्या मनाने माफ करावं, आणि त्याचे ओट चालू ठेवावेत."

हिरवी कार्डं सपासप वर आली. काहींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा! स्वतःच्या मोठेपणाने हे लोक स्वतःच गहिवरले होते. वर्नाला त्या क्षणी आठशेच्या आठशे जणांना चिखलात लोळवावंसं वाटलं.

"विरोध कुणाचा नाहीच," मेरिल म्हणाला.

"आहे."

एल्डन उठला होता. त्याच्या जाडजूड बोटांत लाल कार्ड होतं.

"अहो एल्डन, तुमच्याच भल्याचा ठराव आहे हा!"

"कशाची माफी?"

मेरिलने फिलिपाबाईकडे पाहिलं, फिलिपाबाईने बरणीकडे.

"मग राहू द्या. ठराव पडला ना? म्हणजे सगळं होतं तसंच. मंगळवारी ओट येतील." त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.

सकाळी फळ्यावर जांभळी चिठ्ठी होतीच. 'कालच्या लाल कार्डाने माझं मन फार दुखावलं. माझ्या भावनांची दुकान काय दखल घेणार?'

वर्ना पेन घेऊन उभी राहिली. इतक्या वर्षांची सवय, आभाराचा 'आ' तिने लिहिलासुद्धा. मग तो खोडला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं :

'बरण्या धुवा.'